दुसऱ्या सर्व्हरची वायर

हे घरातसुद्धा कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय – ते मलाही नीट कळत नाही.

भोरमधल्या एका दूध संकलन केंद्राचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. मोबाईल नुकते हातात दिसू लागले होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की त्याला नेटवर्कवरचा आपला नंबर मिळावा लागतो, नाहीतर तो मुका. हे नंबर वाटायचं काम सर्व्हरचं. तोच बंद पडला तर? म्हणून मॅनेजरसाहेबांनी जोडीला दुसरा घेतला. तो लावायचं काम माझं.

लावला. पण दोघांनाही तेच नंबर वाटायला दिले. अर्धे याला, अर्धे त्याला – एवढी साधी वाटणी, आणि आकड्यांत दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या मला ती सुचली नाही. दूध मोजायच्या दोन काट्यांवरच्या कॉम्प्युटरना एकच नंबर गेला, दोन्ही अडकले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी; साहेब यंत्रांची पूजा करणार. मी काय केलं? दुसऱ्या सर्व्हरची नेटवर्कची वायर मागून काढून टाकली आणि तो तसाच चालू ठेवला. काटे चालू झाले, आणि सर्व्हरच्या समोर हिरवा दिवा. साहेबांनी त्याला झेंडूचा हार घातला – आणि माझी पाठ थोपटली.

सणानंतर करू, म्हटलं. केलं नाही. काम अवघड होतं का? एका दुपारचं होतं. कुणी विचारलं नाही, एवढंच.

उन्हाळ्यात एका सकाळी पहिला सर्व्हर बंद पडला. मी घरून पोचेपर्यंत काटे थांबलेले, पासली गावाकडून टेम्पोनं आलेले दुधाचे कॅन उन्हात. "कांपुटर रवंथ करतोय व्हय?" रांगेतून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मग झाकणं उघडली, आणि हसू थांबलं. बरंच दूध नासलं होतं.

मी आत गेलो, ती वायर गुपचूप खोचली. कॉम्प्युटर लगेच चालू झाले. बाहेर येऊन म्हणालो – वायर सैल होती.

केंद्राचं वायरिंग भोरातल्याच शकीलभाईंनी केलेलं. "साहेब, म्या ओढून बघितली व्हती," एवढंच ते मॅनेजरसाहेबांना म्हणाले, माझ्याकडे बघत. मी मान खाली घातली. केंद्राचं काम त्यांच्याकडून गेलं. भोरात इतरांनीही मग त्यांना बोलावणं सोडलं.

आता त्यांचं शिवऱ्याला हायवेलगत वायरिंगचं छोटं दुकान आहे. जाता-येता मला हाक मारतात. परवा चहा देताना स्वतःहून म्हणाले, "त्या येळंला चूक माजीच असंल, भाऊसाहेब. हात घाईत असंल."

ते पुन्हा कामाला लागले – एक जोडणी ओढून बघितली, ठेवली, परत उचलून ओढून बघितली. मी बघत बसलो, आणि चहा संपवला.