सुमतीबाईंची डोंगरवाट

कल्याणच्या मुलींच्या शाळेत सुमती दामले भूगोल शिकवायच्या. नकाशावर छडी फिरवून भूगोल होत नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून दर वर्षी माघात त्या वरच्या वर्गातल्या मुलींना घेऊन मलंगगडाच्या रांगेतल्या एखाद्या डोंगरावर जात. नऊवारीचा काचा मारलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या बाई पुढे आणि मुली मागे. पारनाक्यावरची माणसं बघत राहायची. तरुणपणीच वैधव्य आलेली ही बाई भावाकडे राहते आणि डोंगर चढते, याचं कुणाला कौतुक वाटे, कुणाला नाही.

एक्कावन्न सालच्या सहलीत पायथ्याच्या गावातला भिवा वाटाड्या म्हणून बरोबर होता. निघण्याआधी तो बाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "बाय, वर नको जाव. पिल्लावाली अस्वल फिरतेय. परवा झऱ्यापाशी दिसली."

बाईंनी विचार केला. परतावं, तर मुलींचे चेहरे उतरणार. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. वरचं रान सोडून द्यायचं, फक्त पठारापर्यंत जायचं. सगळ्यांनी एकत्र चालायचं, मोठ्यानं बोलायचं, गाणी म्हणायची. आवाज आला की अस्वल आपणहून वाट सोडतं, हे भिवानंच सांगितलं होतं.

जाताना काही झालं नाही. उतरताना चित्रा नावाची मुलगी बोरं वेचायला जाळीत शिरली आणि तिच्यापासून चार हातांवर काळंभोर काहीतरी दोन पायांवर उभं राहिलं. बाईंनी पळत जाऊन चित्राला मागे ओढलं आणि त्या स्वतः मध्ये आल्या. पुढचं त्यांना नीट आठवत नसे. उग्र वास तेवढा आठवे. भिवा कोयता आपटत, बोंबलत धावून आला तेव्हा अस्वल पिल्लाला घेऊन निघून गेलं होतं. बाईंचा डावा डोळा गेला होता, आणि त्या बाजूचा गाल, ओठ फाटून लोंबत होते.

मुंबईच्या इस्पितळातून त्या पावसाळ्याच्या तोंडावर घरी आल्या. भावजय सरोजनं घरातला आरसा आधीच उतरवून ठेवला होता. चित्राची आई नारळ, साखर घेऊन आली, पाया पडली, रडली. पण तिची नजर सारखी जमिनीकडे. शाळेच्या मंडळानं मात्र एकच प्रश्न विचारला, "वाटाड्यानं सांगूनही तुम्ही गेलात कशा?"

हाच प्रश्न बाई रोज स्वतःला विचारत होत्या.

त्या पुन्हा वर्गावर गेल्या, पण पहिल्याच आठवड्यात पाचवीतली एक पोर किंचाळून बाहेर पळाली. पालकांच्या तक्रारी आल्या. मुख्याध्यापकांनी गोड शब्दांत सांगितलं, "तुम्हाला आता विश्रांती हवी. ग्रंथालय सांभाळा." जिन्याखालच्या त्या अंधाऱ्या खोलीत बाई पुस्तकांना पुठ्ठे चढवत बसू लागल्या. डोक्यावरचा पदर डाव्या गालावरून ओढून घ्यायची सवय लागली. सहली बंद झाल्या.

तीन वर्षांनी मुलांच्या शाळेतले आनंद मास्तर त्यांना भेटायला आले. विशीतला उमदा माणूस. "बाई, मी मुलांना त्याच डोंगरावर नेणार आहे," ते म्हणाले. "काय काळजी घ्यायची ते तुम्हीच येऊन सांगा. तुमच्याइतकं कोण सांगणार?"

इतक्या दिवसांत कुणीतरी डोंगराबद्दल विचारलं होतं. बाई त्या रात्री सरोजला म्हणाल्या, "अगं, माझं इरकली लुगडं काढून ठेव." सरोजनं लगेच पेटी उघडली.

मुलांसमोर त्या उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच पदर बाजूला केला. मागच्या रांगेतलं कुणीतरी घाबरून हसलं. बाई बोलत राहिल्या. कपारीत डोकावायचं नाही. जाळीत एकट्यानं शिरायचं नाही. उजाडल्याशिवाय चढायचं नाही, ऊन कलण्याआधी उतरायचं. अस्वल दिसलं तर पाठ फिरवून पळायचं नाही. मुलं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. पण ऐकत होती का?

दोन दिवसांनी आनंद मास्तर ग्रंथालयाच्या दारात उभे. "सहल रद्द झाली, बाई. मुलं घरी जाऊन रडली म्हणे. पालक चिडलेत."

"मी घाबरवायला नव्हते हो गेले," बाई म्हणाल्या. "कसं जायचं ते सांगायला गेले होते."

मास्तर मान खाली घालून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी नाशिकला बदली करून घेतली.

सत्तावन्नच्या माघात बाई एकट्याच भिवाच्या गावी गेल्या. बरोबर यायला सरोज तयार होती, पण बाईंनी नको म्हटलं. भिवा म्हातारा झाला होता. अंगणात त्यानं घोंगडी टाकली. समोरचा डोंगर निम्मा बोडका दिसत होता. कोळशासाठी झाडं तोडली होती.

"अस्वल दिसतं का रे अजून?" बाईंनी विचारलं.

"कुठलं अस्वल, बाय? तुमच्यावर हल्ला झाला त्याच साली शहरातले शिकारी आले. बंदुकीनं मारली तिला. तुमच्यापाईच आलेले ते."

"आणि पिल्लू?"

"दरवेशानं नेला. नाकात वेसण घालून."

सहा वर्षं बाईंना हे कुणीही सांगितलं नव्हतं. सांगावं असं कुणाला वाटलंच नव्हतं. भिवानं चहा आणला, तो निवून गेला. वर जाऊन येता का, असं त्यानं विचारलं. बाईंनी मानेनंच नको म्हटलं. वर जाऊन बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी पोचल्या तेव्हा सरोजनं पानं घेतली होती. "कसा होता डोंगर?" तिनं विचारलं.

"आता भीती नाही तिथं," बाई म्हणाल्या, आणि ताटावरून तशाच उठल्या.