फुली नसलेला कॉम्प्युटर

"मॅडम, ये क्या कर दिया आपने? मशीन तो बिगड गई."

हार्डवेअरवाला पप्पू माझ्या खुर्चीत बसून माऊस गरागरा फिरवत होता. मागे उभे आमच्या संस्थेचे सचिव, बिसेन सर. त्यांनी विचारलं,

"विंडो बंद करायची फुली कुठं गेली?"

"मी काढली."

"काऊन?"

काऊन, म्हणजे का, ते सांगते. आम्ही गावांचे निस्ताराचे फॉर्म भरत होतो. निस्तार म्हणजे तलावाचं पाणी, गाळ, काठ वापरायचा गावाचा जुना हक्क. जुन्या रजिस्टरचं स्कॅन पाहायचं आणि फॉर्ममध्ये टाइप करायचं. शुक्रवारी सगळं जिल्ह्याला जायचं होतं. हा बुधवार.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स. त्याचा डेस्कटॉप, म्हणजे मेनू, फाइली, प्रिंटर, मी होता तसाच ठेवला. बदलला फक्त विंडो मॅनेजर. कोणती विंडो कुठं बसेल हे ठरवणारा तो भाग. माझा टायलिंगवाला. त्यात विंडो एकमेकींच्या उरावर बसत नाहीत. धुऱ्याचा बांध टाकून धानाच्या बांधीचे, म्हणजे शेताच्या तुकड्याचे, दोन भाग करावेत तसा स्क्रीन वाटला जातो. सेटिंगची फाइल मी स्वतः लिहिली. एक कळ दाबली की डावीकडे अख्खं स्कॅन, उजवीकडे फॉर्म. विंडो बंद करायलाही कळच. फुली कायले पाहिजे?

"नितीननं तुझ्या दुप्पट फॉर्म भरले," सर म्हणाले. नितीन शेजारच्या टेबलावर विंडोजवर हेच फॉर्म भरायचा. "आज विंडोज टाकून घे. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"नाही टाकत. आधी माझा एक चुकलेला फॉर्म दाखवा."

दारातून आवाज आला, "तुमचं भांडन मंग करा. आमच्या तलावाचा कागद दाखवा."

सौंदडकडचे कापगते काका. त्यांच्या वाडवडिलांनी गावचा तलाव बांधलेला. सही करायला आले होते. फॉर्म नितीनने भरलेला होता. काकांनी ओळीवर बोट ठेवून तो वाचला.

"शेरा कोरा काऊन हाये? रजिस्टरात लिवलं हाये. म्या पायलं हाये."

"काही नाही काका, या बघा," नितीनने आपला स्क्रीन दाखवला. स्कॅन होतं. त्याच्यावर फॉर्मची विंडो चढलेली, उजवी बाजू झाकून. रजिस्टरात शेऱ्याचा रकाना शेवटचा असतो. उजवीकडे.

मी पप्पूला उठवलं. तेच स्कॅन उघडून कळ दाबली. पान पूर्ण दिसलं. शेवटच्या रकान्यात: 'तलाव, निस्तार समस्त गावकरी.'

"हेच तं सांगून राहिलो ना मी केव्हाचा!"

तो शेरा फॉर्ममध्ये गेला नसता तर गावाचा तलाव मागायला कागदावर आधारच उरला नसता. तलावाचा ठेका घ्यायला ठेकेदार टपून होतेच.

नितीनचे बाकीचे फॉर्म काढले. सगळ्यांचे शेरे कोरे. दुप्पट वेग कुठून आला तेही कळलं. दोन दिवस ते सगळे माझ्याच कॉम्प्युटरवर दुरुस्त केले. शेजारी बसून शेरे वाचून दाखवत होते खुद्द बिसेन सर. शुक्रवारी फॉर्म गेले, काकांनी सही केलेला सगळ्यात वर.

विंडोजचं नाव परत निघालं नाही. माफीचंही नाही. पप्पू तेवढा पेनड्राइव्ह घेऊन आला, "वो सेटिंगवाली फाइल दे दो ना मॅडम."

जाताना सर म्हणाले, "फुली तेवढी परत लाव बा."

नाही लावली. मशीन बिघडली म्हणण्याआधी समोरचं पान पूर्ण दिसतं का, एवढं पाहत जा.