सव्वीस वड्या

आमचे शशीकाका काहीही मोजू शकतात, आणि मोजतातही. जिन्याच्या पायऱ्या, ट्रेनचे डबे, लग्नात जेवायला बसलेली पंगत. दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. इंग्लंडात, लीड्सच्या एका हॉस्पिटलात ते ऑपरेशन थिएटरमध्ये काम करतात. ऑपरेशनआधी कात्र्या, चिमटे, सुया, रक्त टिपायचे स्वॉब सगळं मोजायचं, संपताना पुन्हा मोजायचं. दोघांनी, मोठ्याने. आकडा जुळला नाही तर सर्जनलाही हात थांबवावा लागतो. हे सांगताना काकांचा आवाज खाली उतरतो आणि प्रत्येक शब्दामागे एक फुलस्टॉप येतो. "आकडा. जुळल्या. शिवाय. नाही." त्यांची ही नक्कल मी इयर थ्रीत, म्हणजे सात-आठ वर्षांची, असल्यापासून करते आणि काका दर वेळी मन लावून ऐकतात, कारण ती नक्कल आहे हे त्यांना बरीच वर्षं कळलंच नव्हतं. दिया किती लक्ष देऊन ऐकते बघ, असं ते काकूंना सांगायचे.

त्यांचं आणखी एक वाक्य आहे. नुसता आकडा जुळून भागत नाही, म्हणतात. दुसऱ्या सेटमधली कात्री आपल्या ट्रेमध्ये आली आणि आपली तिकडे गेली, तर आकडा बरोबर येतो आणि सेट चुकतो. हे वाक्य ते दिवाळीच्या फराळाला, गणपतीच्या आरतीनंतर आणि एकदा माझ्या पेरेंट्स ईव्हनिंगला माझ्या मॅथ्स टीचरसमोरही बोललेत.

मराठी मंडळाच्या कोच ट्रिपा, म्हणजे बसच्या सहली, अठरा वर्षं काकांनीच नेल्या. त्यात त्यांची स्वतःची पद्धत होती. यमुनाकाकू आल्याच्या वड्या करतात, झणझणीत, वळणाच्या रस्त्यावर कोणाला मळमळू नये म्हणून. कोचमध्ये जितकी माणसं, मोजून तितक्याच वड्या काका एका निळ्या डब्यात भरायचे. प्रत्येक स्टॉपनंतर डबा घेऊन पुढून मागे जायचे. प्रत्येकाला एक वडी. डबा रिकामा झाला की सगळे आले. एक उरली की कोणीतरी अजून टॉयलेटमध्ये आहे. लोकांना वाटायचं, काका किती प्रेमाने खाऊ देतात. प्रेम होतंच, पण मुळात ती हजेरी होती.

गेल्या जूनमध्ये ती चुकली. व्हिटबीच्या समुद्रावरून परत येताना आम्ही एका कॅफेपाशी चहाला थांबलो होतो. सगळे बसले, काका डबा घेऊन फिरले, अठ्ठेचाळीस वड्या संपल्या, कोच निघाली. चाळीस मिनिटांनी एका रिकाम्या सीटवर फोन वाजायला लागला. सीट नंदूआजोबांची होती. आजोबा, वय वर्षं एकोणऐंशी, कॅफेतच राहिले होते. झालं असं होतं की मिलिंददादाने दोन वड्या घेतल्या होत्या. एक आत्ता, एक नंतरसाठी, असं त्याने पुढे अगदी निरागसपणे सांगितलं. मिलिंददादा पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरवाला. त्याला ही हजेरी आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.

कोच वळवून मागे नेली. नंदूआजोबा खिडकीपाशी दोन स्कोन, म्हणजे चहाबरोबरचे गोडसर पाव, आणि एक किटली चहा संपवून वेट्रेसला सांगलीची हळद कशी ओळखायची हे शिकवत होते. आयुष्यातली सर्वांत छान दुपार गेली, असं ते अजून सांगतात. सगळे हसले. काका हसले नाहीत. थिएटरमध्ये दोघांनी मोजायचं असतं आणि मी अठरा वर्षं एकट्याने मोजत होतो, एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी निळा डबा मंडळाच्या अध्यक्ष मंजिरीमावशींच्या घरी नेऊन दिला. मला माणसं सांभाळता येत नाहीत, म्हणाले. मावशींनी डबा ठेवून घेतला पण राजीनामा घेतला नाही. ईस्टरला लेक डिस्ट्रिक्टची ट्रिप आहे, फेब्रुवारीपर्यंत विचार कर, नाहीतर मिलिंद नेईल, म्हणाल्या. मिलिंददादा नेणार, हे ऐकूनही काका गप्प राहिले, तेव्हा काकू खरोखर घाबरल्या.

घरातलं मोजणंही थांबलं. काका जिना नुसताच चढायला लागले.

काकूंनी त्यावर उपाय काढला तो थायलंड. फेब्रुवारीतल्या हाफ टर्मच्या सुट्टीत, गाइडसकट, जिथे मोजायचं काम दुसरं कोणी करेल आणि हे नुसते बसतील. अट एकच: आठ दिवस कोणालाही मोजायचं नाही, म्हणजे डोकं मोकळं होईल. आई-बाबांना सुट्टी नव्हती म्हणून मला पहारेकरी म्हणून सोबत दिलं. वड्या मात्र काकूंनी केल्याच, दोन स्टीलचे डबे भरून. औषध आहे ते, म्हणाल्या.

क्राबीला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही चार बेटांची बोट घेतली. सकाळी आओ नांगच्या किनाऱ्यावर सगळ्यांच्या मनगटाला केशरी रिबिन बांधली गेली. आमच्या गाइडचं नाव प्लॉय. पंचविशीतली, डोक्यावर भलीमोठी हॅट, आणि बोटीत चढलेला प्रत्येक माणूस तिच्यासाठी 'माय फॅमिली'. ओके माय फॅमिली, शूज इन द बास्केट. ओके माय फॅमिली, नो स्टँडिंग. तो सूर मी दहा मिनिटांत उचलला. आपण सात नंबरच्या बोटीत आहोत हे तिने आम्हाला तीनदा म्हणायला लावलं आणि मग एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजलं. सव्वीस.

काकांचे दोन्ही हात शॉर्ट्सच्या खिशात होते. उजवा खिसा आतून हलत होता. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, एका बोटाची तीन पेरं, मग पुढचं बोट.

"अहो, हात बाहेर," काकू समोर बघतच म्हणाल्या.

मग बसवेना म्हणून काका डबा घेऊन उठले. नुसत्या वड्या वाटतोय, औषध म्हणून, असं त्यांनी न विचारता सांगितलं. सव्वीस जणांत आम्ही तिघं, एक कोरियन जोडपं हनिमूनला आलेलं, एक मोठं जर्मन कुटुंब, काही ऑस्ट्रेलियन मुलं, आणि पुढच्या बाकावर एकटीच बसलेली मॉरीन. लीड्सजवळच्या बार्न्सलीची. शाळेच्या किचनमध्ये तीस वर्षं काम करून रिटायर झालेली, आणि आम्ही लीड्सचे म्हटल्यावर तिला इतका आनंद झाला की जणू आम्ही तिच्या भिंतीपलीकडचे शेजारी.

आल्याच्या वडीची गंमत अशी की पहिल्यांदा खाणारा माणूस लपवू शकत नाही. आधी साखर लागते, माणूस हसतो. मग तीन सेकंदांनी आलं पोचतं. जर्मन आजोबांच्या भुवया कपाळाच्या वर गेल्या आणि तिथेच राहिल्या. कोरियन मुलीने नवऱ्याचा हात धरला. ऑस्ट्रेलियन मुलं एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागली. मॉरीनने एक डोळा घट्ट मिटला, उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दॅटल पुट हेअर्स ऑन यर चेस्ट, लव्ह." म्हणजे छातीवर केस उगवतील इतकं जहाल. मी हे सगळे चेहरे गोळा केले. जेवणाच्या वेळी काकूंना सगळे करून दाखवले. काकू हसता हसता मला गप्प करत होत्या. काका बघत होते, पण हसले नाहीत.

दिवस छान चालला होता. कोंबडीच्या मानेसारखा खडक असलेलं एक बेट आहे, चिकन आयलंड. त्या दिवशी नेमका काकूंचा गुरुवार. काकू म्हणाल्या, नुसतं बघायला हरकत नसावी. काका पाण्यात उतरले, मासे बघितले. किती होते असं मी विचारलं तर म्हणाले, पुष्कळ. काकांच्या तोंडून 'पुष्कळ' मी पहिल्यांदा ऐकलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

तिसऱ्या बेटावर आमच्याच कंपनीची नऊ नंबरची बोटही लागली होती. दोन्ही बोटींची मिळून पन्नास माणसं, सगळ्यांना केशरी रिबिन, सगळी ओली, निम्म्यांच्या डोक्यावर टॉवेल. निघायची वेळ झाली, प्लॉयने खांद्यांना हात लावत मोजलं, सव्वीस, आणि बोट सुटली.

वारा वाढला होता. कोरियन मुलगी पांढरी पडली. काकूंनी काकांना खूण केली, द्या तिला वडी. काकांनी आमच्याकडे पाठ करून डब्यात काहीतरी केलं. मला दिसलं: सव्वीस वड्या मोजून बाकीच्या दुसऱ्या डब्यात सारल्या. मग पुढून मागे निघाले. आता बोटीतले सगळे तरबेज झाले होते. लहान तुकडा, नाकाने श्वास, सावकाश. शेवटच्या बाकावर टॉवेल आणि गॉगलवाला एक उंच माणूस होता. त्याने आख्खी वडी तोंडात टाकली. हसला. आणि तीन सेकंदांनी गॉगल काढून डोळे पुसत खोकायला लागला.

काका तिथेच उभे राहिले. शेवटची वडी, स्वतःची, त्यांनी हातात घेतली. डबा रिकामा होता. सगळे आले, असं डबा सांगत होता. व्हिटबीच्या रस्त्यावरही त्याने हेच सांगितलं होतं.

ते येऊन आमच्याजवळ बसले. वडी तशीच हातात. हा माणूस सकाळी नव्हता, असं काकूंना हळूच म्हणाले. काकूंनी आठवण करून दिली की आपलं ठरलंय, आणि प्लॉयने मोजलंय. मोजलंय खरं, काका म्हणाले. बेट मागे सरकत होतं. बोलावं आणि चुकावं, तर सव्वीस माणसांसमोर पुन्हा तेच. आणि न बोलावं तर.

मग ते माझ्याकडे वळले.

"दिया, त्या उंच माणसाचं सकाळचं तोंड करून दाखव."

मी चेहरे आठवले. एकेक करून सगळे. उंच माणसाचा चेहरा माझ्याकडे नव्हता.

"आता सगळ्यांची कर. मोठ्याने मोजू. दोघं."

मी एकेक चेहरा करायचा आणि काकांनी तो माणूस शोधून बोट दाखवायचं, असं आम्ही सुरू केलं. भुवया, एक. हात धरणारी, दोन. लोक बघायला लागले. जर्मन आजोबांना स्वतःच्या भुवया ओळखू आल्या. काकूंनी एकदाही थांबवलं नाही. शेवटच्या, तेविसाव्या वेळी मी एक डोळा घट्ट मिटला, आणि काकांचं बोट हवेत तसंच राहिलं. एक डोळा मिटणारं बोटीत कोणीच नव्हतं.

काका उठून प्लॉयपाशी गेले. इंजिनाचा आवाज मोठा होता, पण काकांचा आवाज खाली उतरला आणि प्रत्येक शब्दामागे फुलस्टॉप आला.

"यू हॅव. राइट नंबर. रॉंग मॅन."

प्लॉयने वाद घातला नाही. तिने त्या माणसाला बोटीचा नंबर विचारला. तो डेन्मार्कचा होता. नाइन, असं म्हणताना त्यालाच शंका यायला लागली. इंजिन मंद झालं, बोट मोठा वळसा घेऊन मागे फिरली. प्लॉय पुढे उभी राहून फोनवर भराभर बोलत होती, एकही माय फॅमिली नाही.

मॉरीन गुडघाभर पाण्यात चपला हातात घेऊन उभी होती. नऊ नंबरच्या गाइडचा आकडा एकाने कमी भरत होता, त्यामुळे तो तिला पुन्हा पुन्हा बोटीत बसायला सांगत होता आणि ती त्याला समजावत होती की नाही रे बाबा, मी तुझी नाही. आमच्या बोटीकडे बघून तिने हात केला. "आय ओन्ली वेंट फॉर अ वी, लव्ह." नुसती लघवीला गेले होते, एवढंच तिचं म्हणणं.

डेन्मार्कवाला उतरला, मॉरीन चढली. काका शिडीपाशी उभे होते. हातातली वडी त्यांनी पुढे केली.

"ईट. हिअर. आय वेट."

ती चावेपर्यंत ते हलले नाहीत. तिने एक डोळा घट्ट मिटला. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. सव्वीस. आणि मग काका हसले, जूनपासून पहिल्यांदा, इतके की जर्मन आजोबा टाळ्या वाजवायला लागले.

प्लॉयने पुढच्या बेटावर उतरल्यावर पुन्हा मोजलं, आणि मोजून झाल्यावर काकांकडे बघून थांबली. काकांचे हात खिशात गेले.

"अहो, हात बाहेर," काकू म्हणाल्या. "उघड्यावर मोजा की."

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर पाय लागायच्या आत काकांनी मंजिरीमावशींना मेसेज केला. मी खांद्यावरून वाचला. 'माझा निळा डबा धुऊन ठेव. मोजायला दुसरं माणूस लागेल. ते मी आणतो.' ते दुसरं माणूस म्हणजे मी. पगार नाही, पण पुढची सीट आहे.

ईस्टरला लीड्सहून कोच निघाली तेव्हा नियम बदलले होते. वडी हातात मिळणार नाही, सरळ तोंडात, काकांच्या देखत. मागून मी चेहरे मोजत यायचं. मिलिंददादाने सवयीने डब्यातली एक उचलून खिशाकडे नेली.

"मिलिंद. तोंड. उघड."

त्याने उघडलं. मागच्या सीटवरून नंदूआजोबा बघत होते, आणि जरा नाराज दिसत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी वडी शहाण्यासारखी खाल्ली, आणि मग काकांची बाही ओढून हळूच विचारलं की आज वाटेत स्कोन मिळणारं एखादं ठिकाण आहे का, आणि असलं तर शशी, तुला मोजायची फार घाई आहे का.