कोरड्या नदीतला रांजण

उम् हशाबच्या निर्वासितांच्या छावणीत लाकडाला जायचं काम बायकांचं. ते कुणी बसून ठरवलं नव्हतं, मरणानंच ठरवलं होतं. पुरुष रानात गेला की गावं जाळणारे घोडेवाले त्याला जागच्या जागी गोळी घालत. बाई गेली तर मार खाऊन, कधी त्याहून वाईट सोसून, पण परत येई. घराघरात हा विचार झाला आणि कुणी तो तोंडानं बोलून दाखवला नाही. पुरुष मान खाली घालून चटया विणत बसत, बायका दोऱ्या नि कुऱ्हाडी घेऊन निघत.

कल्तूमा या बायकांची म्होरकी. वय विचारलं तर म्हणायची, "टोळधाड आली त्या साली मी रांगत होते, पुढचं तुम्हीच मोजा." डोंगराच्या पायथ्याचं तिचं गाव जळालं तेव्हा नवरा गेला, दोन मुलगे गेले. सून छावणीच्या वाटेवर तहानेनं गेली. उरली ती नात इख्लास आणि एक गाढव. गाढवाचं नाव वजीर, कारण खायचं पोटभर आणि हलायचं नाव नाही.

गेलेल्या माणसाच्या नावानं वाटेवर पाण्याचा रांजण ठेवायचा, हा तिकडचा रिवाज. येणारा-जाणारा थंड पाणी पितो, दोन शब्द दुआ म्हणतो, ते मेलेल्याला पोचतं. कल्तूमानं झोपडीच्या दाराशी चौघांचा मिळून एकच रांजण ठेवला होता. "जिवंतपणी एका ताटात जेवत होते," ती म्हणे, "आता एका रांजणात भागवा म्हणावं."

इख्लास सोळा वर्षांची झाली तरी कल्तूमा तिला लाकडाला नेत नव्हती. तिकडं आजीला हबोबा म्हणत; पोर कुरकुर करायची. "हबोबा, तुझे गुडघे बघ. उठताना दारासारखे करकरतात."

"करकरू दे. दार करकरलं तरी घर राखतं."

मग एका हिवाळ्यात पांढऱ्या गाड्या आल्या आणि त्यांतून निळ्या टोप्यांची माणसं उतरली. जगातल्या मोठ्या मोठ्या राज्यांनी एकत्र बसून त्यांना पाठवलं होतं म्हणे, लढाई थांबवायला. कुणी काळा, कुणी गव्हाळ, एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. कल्तूमाची शेजारीण मर्यूमा कुंभारीण, तिची जीभ तिच्या भट्टीसारखी. ती म्हणाली, "ह्यांच्यातच जुंपली तर सोडवायला कोण येणार गं?"

त्यांचा कप्तान सगळं वहीत लिहून घेई. बायकांनी त्याचं नाव ठेवलं वहीचा बाप. तो दुभाष्याला, इद्रीसला, घेऊन आला आणि म्हणाला, सोमवारी आणि गुरुवारी आम्ही लाकडाच्या रानापर्यंत तुमच्यासोबत येऊ.

"आणि बाकीचे पाच दिवस घोडेवाल्यांना दिलेत का?" कल्तूमानं विचारलं.

इद्रीसनं ते कप्तानाला सांगितलं नाही.

"सांग की त्याला."

"हे नको, हबोबा. तो लिहून घेईल."

"लिहू दे. वही तरी भरेल."

इद्रीसनं सांगितलं. कप्तानानं खाली मान घालून खरंच लिहून घेतलं. तेव्हापासून कल्तूमाला तो माणूस बरा वाटायला लागला.

पहिल्या गुरुवारी तिनं त्याला असीदा वाढली. बाजरीची उकडच ती, मधोमध भेंडीचं गरम कालवण. त्यानं घाईनं बोटं घातली, बोटं भाजली, आणि बायका पोट धरून हसल्या. फुंकर मारत तो दोनदा मागून जेवला. कल्तूमा समाधानानं बघत राहिली. तिच्या लोकांत ज्यानं तुमच्या ताटातलं खाल्लं तो तुम्हाला बांधला गेला. तुमच्यावर कुणी धावून आला तर त्यानं पाठ फिरवायची नाही. तो नसला तर त्याच्या भावानं, भाऊ नसला तर कुळानं. कागद नाही, साक्षीदार नाही, पण हे कधी मोडत नसे.

"निळ्या टोपीचं अख्खं कुळ आज जेवलं," ती मर्यूमाला म्हणाली.

"जेवलं खरं, पण पचू दे," मर्यूमा म्हणाली.

पचलंही. आठ महिने सोमवारी आणि गुरुवारी एकाही बाईच्या अंगाला कुणी हात लावला नाही. घोडेवाले लांब उंचवट्यावर दिसत आणि गाड्या बघून वळून जात. खोटं कशाला बोला, त्या दोन दिवशी उम् हशाबच्या बायका गाणी म्हणत लाकडं तोडत. त्या दोन दिवसांपुरती कल्तूमा इख्लासला सोबत न्यायला लागली. पोरगी वजीरला हाकता हाकता शिपायांना आपली बोली शिकवी आणि त्यांनी चुकीचं म्हटलं की खुदखुदे. बाकीच्या पाच दिवसांचं मात्र विचारू नये. घोडेवाल्यांनाही वार कळायला लागले होते.

पुढच्या हिवाळ्यात वहीच्या बापाची मुदत भरली. त्याच्या जागी दुसरा साहेब आला. कल्तूमा ताट घेऊन सामोरी गेली. नव्या साहेबानं छातीवर हात ठेवून मान हलवली आणि गाडीत बसून आपल्या डब्यातलं खाल्लं.

"पोटाचं काहीतरी आहे त्याच्या," इद्रीस म्हणाला. "बाहेरचं खायला मनाई आहे."

"झाला डब्याचा बाप!" मर्यूमा म्हणाली. बायका हसल्या, पण पोटातून नाही.

साहेबाकडे आणखी एक निरोप होता. सरकारी परवाना आता कोरड्या नदीपर्यंतच. गाड्या अलीकडच्या काठावर उभ्या राहतील, पलीकडे जायचं तर वर विचारावं लागेल. अलीकडची झाडं मात्र दोन वर्षांत पार संपून गेली होती. होतं नव्हतं ते सगळं लाकूड नदीपलीकडे, वाळू ओलांडून बरंच आत.

त्या गुरुवारी छत्तीस बायका काठावर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांनी कल्तूमाकडे पाहिलं. घरात दोन दिवसांचं जळण नव्हतं. मर्यूमानं तिला बाजूला ओढलं. "पोरीला इथंच ठेव."

कल्तूमानं गाड्यांकडे पाहिलं. चार गाड्या, वर बंदुका, इतक्या जवळ की नदीतून हाक मारली तर ऐकू जावी. "हा नसेल जेवला," ती म्हणाली, "ह्याचा भाऊ जेवलाय. टोपी तीच आहे. कुळ कुठं जातंय?"

आणि तिनं इख्लासला सोबत घेतलं.

लाकडं तोडून झाली, मोळ्या बांधून झाल्या, तेव्हा घोडेवाले आले. बायका मोळ्या टाकून वाळूत उतरल्या. कल्तूमा करकरत्या गुडघ्यांनी धावली, ओरडत धावली, "या! अरे, या ना!" काठावरचे शिपाई उभे राहिले. एक पोरगेला शिपाई दोन पावलं पुढं आला, त्याला मागं बोलावलं. साहेबानं फोन कानाला लावला होता. तो वर विचारत होता.

बायका काठाला लागल्या. कल्तूमानं वळून पाहिलं तर इख्लास नदीच्या मध्यावर थांबलेली. लादलेला वजीर वाळूत रुतून उभा होता आणि पोरगी दावं ओढत होती. छावणीत गाढव गेलं की घर बसतं, हे तिला आजीनंच शिकवलं होतं.

"सोड त्याला!" कल्तूमा ओरडली. "इख्लास, सोड!"

पोरीनं दावं सोडलं, चार पावलं धावली, आणि गोळी लागली. ती पडली तिथून पहिली गाडी पन्नास पावलांवर होती. कल्तूमानं ती नंतर मोजली.

घोडेवाले निघून गेल्यावर परवानगी आली.

संध्याकाळी साहेब झोपडीशी आला. त्याचे डोळे लाल होते, ते काही खोटे नव्हते. त्यानं वही काढली आणि मयताचं पूर्ण नाव विचारलं.

"तुमच्या वहीत आहे," कल्तूमा म्हणाली. "गेल्या वर्षी तुझ्याआधीच्यानं लिहिलंय. तेव्हा ती जिवंत होती, म्हणून वाचवायच्या यादीत असेल. तिथं शोध."

इद्रीसनं हे सांगितलं की गिळलं, कुणास ठाऊक.

त्यानंतरचे चाळीस दिवस दुखवट्याचे. बायका कुणाच्या घरी सांत्वनाला जातात तशा येऊन बसत, तिनंच केलेला चहा पिऊन जात. "कुणाला दोष द्यायचा?" मर्यूमा एकदा म्हणाली. "गोळी त्यांची, उभं राहणं ह्यांचं."

"आणि नेणं माझं," कल्तूमा म्हणाली. "माणूस बदलला की कुळ बदलतं, हे मला कळलं नाही. जेवलेला जातो, उपाशी येतो. असलं कुळ मी पाहिलं नव्हतं."

चाळिसाव्या दिवशी तिनं मर्यूमाकडून नवा रांजण आणला, इख्लासच्या नावाचा. लोकांना वाटलं, जुन्याशेजारी दाराशी ठेवील. तिनं तो वजीरच्या पाठीवर बांधला, नदीत नेला आणि पोर पडली होती तिथं, भर वाळूत, तिवईवर ठेवला. पाण्यानं भरला, वर झाकण, झाकणावर टिनाचा पेला.

"डोकं फिरलंय तुझं," मर्यूमा म्हणाली. "पूर येईल नि घेऊन जाईल."

"पुराला तीन महिने आहेत. तोवर किती बायका लाकडाला जाणार, ते सांग."

गुरुवारी गाड्या नेहमीसारख्या काठावर थांबल्या. ऊन रणरणत होतं, त्यांच्या बाटल्यांतलं पाणी हात पोळावा इतकं तापलेलं. आधी इद्रीस उतरला, वाळूत पन्नास पावलं चालत गेला, पाणी प्याला, हात पसरून दुआ म्हटली. मग तो पोरगेला शिपाई गेला. पेला रिकामा करून तो तिथंच उभा राहिला, लवकर हलेना. त्याला इख्लासचं नाव ठाऊक होतं. तिनंच त्याला आपल्या बोलीत "पाणी" म्हणायला शिकवलं होतं.

सगळ्यात शेवटी डब्याचा बाप गेला. त्याच्या पोटाला बाहेरचं चालत नव्हतं. त्यानं पेला भरला, बराच वेळ हातात धरला आणि प्याला.

पुढच्या सोमवारी पहिली गाडी वाळूत उतरली आणि रांजणाशेजारी उभी राहिली.

"वर काय सांगणार ते?" कल्तूमानं इद्रीसला विचारलं.

"पाणी प्यायला गेलो म्हणून सांगणार. पाण्याला परवाना लागत नाही."

त्या दिवशी बायका लाकडं घेऊन सगळ्या परत आल्या. गाणी कुणी म्हटली नाहीत. रान अजून गाडीपासून लांबच होतं, आणि उंचवट्यावर चार घोडेवाले शेवटपर्यंत उभे होते, गाडी कुठवर येते ते बघत.

परतताना कल्तूमा मर्यूमाच्या भट्टीशी थांबली.

"अजून चार रांजण भाज."

"कुणाचे गं?"

"नवऱ्याचा, दोन पोरांचे, सुनेचा. आता वेगवेगळे ठेवायचे. एक पलीकडच्या काठावर, एक बाभळीशी, तिथून पुढं पन्नास-पन्नास पावलांवर."

मर्यूमानं हातातली माती खाली ठेवली. मनात पावलं मोजली.

"तरी रानापर्यंत पुरायचे नाहीत."

"नाही पुरले," कल्तूमा म्हणाली, "तर पुढचे तुझ्या गेलेल्या माणसांचे."

मर्यूमानं मातीत पाणी घातलं आणि तुडवायला लागली.