सुईणीचं पान

आयर्लंडमध्ये, मेनूथच्या विद्यापीठात आम्ही दोघी एकाच खोलीत बसून पीएच.डी. करत होतो. मी पुण्याची, ती आफ्रिकेतून आलेली, वयानं बरीच मोठी. आफ्रिकेतली सरकारं एकमेकांचा कारभार तपासतात, तो तिचा विषय. सरकार आधी स्वतःबद्दल अहवाल लिहितं, मग इतर देशांचं पथक येऊन गावोगाव लोकांना विचारतं, आणि शेवटी राष्ट्रप्रमुख एकमेकांसमोर बसतात. मी एकदा म्हणाले, की उद्या आपली पाळी येणार म्हणून आज सगळे एकमेकांना सांभाळूनच घेत असतील. ती हसली.

"आमच्याकडे निदान विचारतात तरी. तुमच्या सरकारला विचारायला कुठला शेजारी येतो, बाईसाहेब?" बाईसाहेब हा शब्द तिनं माझ्याकडूनच उचलला होता.

यंदा हिवाळ्यात ती डब्लिनच्या इस्पितळात वारली. प्रबंध लिहून झाला होता. त्याचं पुस्तक करायचं काम प्राध्यापकांनी माझ्याकडे दिलं.

पथक तिच्या गावी आलं तेव्हा दुभाषी तीच होती. सभेत एक सुईण उभी राहिली आणि म्हणाली, दवाखान्याची औषधं जिल्ह्याच्या साहेबांच्या मेहुण्याच्या दुकानात विकायला असतात. छापील अहवालात त्याचं 'काही नागरिकांनी नाराजी व्यक्त केली' एवढंच उरलं. मैत्रिणीनं मात्र सुईणीचं बोलणं जसंच्या तसं पानभर लिहिलं होतं. सगळा प्रबंध त्या पानावर उभा होता.

मसुदा मी तिच्या बहिणीला पाठवला. तिचा फोन आला. सुईण म्हणजे त्या दोघी बहिणींची मावशी.

"ताई तर गेली. मावशी, आम्ही सगळे इथंच राहतो," बहीण म्हणाली. "ते साहेब आता मंत्री आहेत."

नाव, गाव बदलते, असं मी सुचवून पाहिलं. ती म्हणाली, मावशीचं बोलणं तिकडे सगळे ओळखतात.

मी पान काढलं. पुढचा परिच्छेद जुळावा म्हणून तिथं एक वाक्य घालावं लागलं. ते लिहून झाल्यावर वाचलं, तर अहवालातलंच वाटलं. प्राध्यापकांना सांगितलं, मजकूर लांबला होता. ते तिकडच्या पद्धतीनं 'ग्रँड', म्हणजे ठीक आहे, म्हणाले आणि त्यांनी पुस्तक छपाईला पाठवलं.

बहिणीनं आभार कळवले. मावशीला यातलं काही सांगितलेलं नाही, उगाच वाद घालत बसेल, असंही तिनं लिहिलं होतं. मावशीला विचारावं, हे मलाही सुचलं नव्हतं.