खडूदादाची वजाबाकी

छत्तीस वर्षं वितळलेलं लोखंड साच्यात ओतून त्याच्या भुवया जळाल्या, एक कान बसला. आकडेमोड मात्र शाबूत आहे, असं लोक धरून चालत. शनिवारी दुपारी पाळी सुटली की कारखान्याच्या कँटीनमागच्या खोलीत डार्ट्सचा खेळ रंगायचा आणि तो खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहायचा. सगळे त्याला खडूदादा म्हणत.

मिळालेले गुण वजा करत पाचशे एकवरून शून्यावर यायचं. शेवटचा डार्ट चकतीच्या कडेच्या बारीक पट्टीतच बसायला हवा. तिथे आकडा दुप्पट धरतात. शून्याखाली घसरलात तर तीन डार्टांची अख्खी पाळी बाद, बाकी पुन्हा पाळीआधीची.

वर्षापूर्वी त्याने एकशे सदतीसातून अठ्ठावन्न वजा करून एकोणनव्वद लिहिले होते. हवे होते एकोणऐंशी. खेळत होता त्याचा धाकटा भाऊ, ज्याला भट्टीवर सगळे घण म्हणत. घणाने त्या एकोणनव्वदवरूनच डाव संपवला; खऱ्या बाकीने तो शून्याखाली गेला होता. समोरचा ट्रकड्रायव्हर म्हणाला, "फळा चुकलाय." घणाने खुर्ची उचलून त्याचा जबडा फोडला. रक्त बाकाखाली वाहत गेलं. खडूदादाला तोवर चूक दिसली होती. त्याने ओलं फडकं घेतलं आणि फळा पुसला.

भाऊ चार महिने तुरुंगात राहून आला. ड्रायव्हरच्या तोंडाची एक बाजू कायमची वाकडी झाली.

तेव्हापासून पाळी संपली की खडूदादा प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणायचा, वजा करायचा, मग उलट बेरीज करून पडताळायचा. लिहून होईपर्यंत चकतीवरच्या डार्टला कुणी हात लावायचा नाही. पाळी चालू असताना बाकी सांगायची ती विचारली तरच.

आज पुन्हा तेच दोघे समोरासमोर होते. घणाचे बत्तीस उरले होते, ड्रायव्हरचे चाळीस.

"लवकर मार रे, माझा जबडा दुखायला लागला," ड्रायव्हर वाकड्या तोंडाने म्हणाला. खोली हसली.

घणाचा पहिला डार्ट सोळाच्या एकेरी भागात बसला. बाकी सोळा, आता दुहेरी आठ हवा होता. पण विचारणं घणाला कमीपणाचं वाटायचं, आणि त्याच्या डोक्यात अजून बत्तीसच होते. दुसरा भिंतीत गेला. तिसरा कडेच्या पट्टीत, दुहेरी सोळात, खच्चून रुतला.

"संपला!" घण ओरडला.

खडूदादाने तिन्ही डार्ट पाहिले. खोलीतल्या प्रत्येकाला घणाचे हात ठाऊक होते. आत्ता नुसतं शून्य लिहिलं असतं तर कुणी चकार शब्द काढला नसता.

"सोळा आणि बत्तीस, अठ्ठेचाळीस," तो म्हणाला. "पाळी बाद. बाकी बत्तीस."

"दादा, शुद्धीवर आहेस ना?"

"पहिला विसरलास तू."

घणाने दुहेरी सोळातला डार्ट उपटला. खडूदादाने चकतीवर हात आडवा धरला. "लिहून होऊ दे." घणाने हाणलेला डार्ट त्याच्या तळहातातून आरपार गेला आणि हात चकतीला खिळला. कुणीतरी बाक पाडून मागे सरलं.

"मागल्या वेळीही असंच!" घण त्याच्या तोंडावर ओरडत होता. "सगळे मिळून मला खोटा पाडायला निघाला होतात!"

"मागल्या वेळी मी चुकलो होतो," खडूदादा म्हणाला. मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. "एकोणऐंशी होते. ड्रायव्हर खरं बोलत होता. मी फळा पुसला."

घणाचा हात सुटला. "चार महिने..." तो म्हणाला. "दादा, चार महिने!" आणि भिंतीवर डोकं आपटू लागला, एकदा, दोनदा, कपाळ फुटेपर्यंत. दोघांनी त्याला धरलं.

ड्रायव्हर शांतपणे उठला. चकतीपाशी येऊन त्याने डार्ट उपटला, खडूदादाचा हात मोकळा केला. मग नीट अंतर घेऊन त्याच्या जबड्यावर एकच ठोसा मारला.

खडूदादा फळ्याखाली बसला. तोंडातलं रक्त थुंकला, त्यात दाताचा तुकडा होता. कुणी हात दिला नाही. फळ्याच्या चौकटीला धरून तो उठला, डाव्या हाताने वाकडेतिकडे बत्तीस लिहिले आणि वर पाहिलं.

"तुझी पाळी," तो ड्रायव्हरला म्हणाला. "बाकी चाळीस."