पाचवा बर्थ

आत्या सीटकाम करायची. बसच्या सीटा, दवाखान्यातले बाक, सलूनच्या खुर्च्या, नाट्यगृहातल्या उसवलेल्या पाठी. माणूस जिथं म्हणून बूड टेकतो तिथलं फाटकंतुटकं तिच्या टेबलावर यायचं. पस्तीस वर्षं एकच कारखाना, एकच खिडकी, एकच मशीन. तिच्या दोन भाच्या लहानपणी तिथल्या फोमच्या ढिगावर खेळून वाढल्या आणि त्यांची हाक सगळ्यांच्या तोंडी बसली. तिच्याहून वयानं मोठा असलेला मालकसुद्धा विचारायचा, "आत्या, ते बाक झाले का?"

भाऊ तिच्याहून दहा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि वडील त्याआधीच दुसरीकडे संसार थाटून बसले होते. आत्यानं शिक्षण सोडलं, कारखान्यात उसवण्याचं काम धरलं आणि हळूहळू शिवणं शिकली. दोनदा तिच्या लग्नाची गोष्ट निघाली. दोन्ही वेळा समोरच्यांनी "भावाचं काय?" असं विचारलं, तिनं "माझ्याबरोबरच राहील" म्हटलं, आणि गोष्ट तिथंच विरली. पुढे भाऊ शिकला, नकाशे काढायच्या कचेरीत लागला, त्याचं लग्न झालं. भावजय दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. माणूस म्हणून सरळ, बोलायला नेमकी. दोन मुली झाल्या. आत्या त्यांच्याकडेच राहिली, बाहेरच्या खोलीत, स्वतःच शिवलेल्या एका सोफ्यावर. भावाला ती अजूनही 'धाकट्या' म्हणायची. त्याच्या कानशिलावरचे केस पिकले तरी म्हणायची.

त्या वर्षी भावानं कॅराव्हॅन घ्यायचं ठरवलं. गाडीच्या मागे जोडायची, आत बिछाने, शेगडी, नळ, सगळं असलेली. जेवताना तोच विषय. धाकटी भाची कागदावर चौकोन काढून कोण कुठं झोपणार ते रंगवायची. आत्याही मनातल्या मनात कापडं निवडायला लागली. आतल्या बाकांना काय शोभेल, काय मळखाऊ असेल. बरोबर कपडे कोणते न्यावेत, हेही तिनं ठरवून टाकलं होतं. ते मात्र कुणाला बोलली नव्हती.

एका रविवारी सकाळी सगळे विक्रेत्याकडे गेले. पत्र्याच्या उंच छपराखाली सात-आठ कॅराव्हॅन ओळीनं उभ्या होत्या, दारं उघडी टाकून. आत नव्या प्लायवुडचा वास. विक्रेता सडपातळ, हळू बोलणारा, हातात टॅब घेतलेला माणूस होता. भावानं मॉडेल आधीच पक्कं केलं होतं. आता फक्त जादाच्या गोष्टी निवडायच्या होत्या: बाजूनं ओढून उघडायचं कापडी छत, सोलर पॅनल, जादा बॅटरी, पाण्याची मोठी टाकी, मागचा कॅमेरा, सायकलींचा स्टँड, हीटर.

"घ्यावंसं सगळंच वाटतं," विक्रेता म्हणाला. "पण घोडं पेंड खातं ते वजनापाशी. तुमची गाडी ठरावीक वजनच ओढणार. म्हणून आपण आधी माणसं धरू, मग सामान. साहेब, तुमचं वजन?"

भावानं सांगितलं. भावजयीनं सांगितलं. मोठ्या भाचीनं इकडंतिकडं बघून हळूच सांगितलं, धाकटीनं ओरडून.

"आणि ह्यांचं?" त्यानं आत्याकडे बघत विचारलं.

"बासष्ट," आत्या म्हणाली. आणि हसून म्हणाली, "चपलांसकट."

त्यानं आकडा घातला. "म्हणजे पाच जण. मूळ कॅराव्हॅनमध्ये बर्थ चार. पाचवा जोडून मिळतो, बैठकीच्या वर, भिंतीला दुमडणारा. छान असतो. सांगाडा, गादी, ह्यांचे कपडे, पांघरूण..." तो पुटपुटत बोटं चालवत राहिला. टॅबवरची वजनाची हिरवी पट्टी लाल झाली. "मग मात्र छत, सायकल स्टँड आणि जादा बॅटरी सोडावी लागेल."

"माझी सायकल नको," धाकटी लगेच म्हणाली.

"छताशिवाय काही अडत नाही," भावजय म्हणाली. "घरात छत्र्या काय कमी आहेत? पाचवा बर्थ घाला तुम्ही."

 भाऊ त्या लाल पट्टीकडे बघत होता. आत्यानं त्याच्या मानेकडे बघितलं. लहानपणी खोटं बोलायच्या आधी तो मान अशीच आखडायचा.

"ताईला प्रवास सोसत नाही," तो म्हणाला. "गाडी लागते तिला. तिचे हाल होतील."

 आत्याला आयुष्यात कधी गाडी लागली नव्हती. जन्मभर लोकांच्या प्रवासाच्या सीटा शिवल्या आणि स्वतः बहुतेक घर ते कारखाना एवढाच प्रवास केला, पण पोटात कधी ढवळलं नव्हतं. भावजयीनं नवऱ्याकडे बघितलं, मग आत्याकडे. आता एका शब्दाचा अवकाश होता. आत्या 'कधी रे लागली मला?' एवढं म्हणाली असती तरी भाऊ सगळ्यांसमोर उघडा पडला असता.

"हो ना," आत्या म्हणाली. "बसमध्ये चढले की मळमळायला लागतं. मला नका धरू त्यात. मी सीटा शिवणारी बाई, बसणारी नव्हे."

विक्रेता हसला. त्यानं बोटानं बासष्टचा आकडा पुसला. पट्टी पुन्हा हिरवी झाली आणि तो छताच्या कापडाचे रंग दाखवायला लागला.

पुढचा तासभर आत्या त्यांच्याबरोबर हिंडली. टाकी मोठी ठरली. हीटरवरून नवराबायकोत थोडी बाचाबाची झाली आणि हीटर घ्यायचा राहिला. मग गाद्यांचं पान आलं. कंपनीच्या साध्या गाद्या आणि वरच्या दर्जाच्या गाद्या. आत्यानं वाकून नमुन्याचा फोम अंगठ्यानं दाबला, सोडला, किती वेळात वर येतो ते बघितलं. "हा वर्षात बसेल," ती म्हणाली. "गाद्या मी करते. गाडी नुसत्या फळ्यांची घ्या." असं ती का म्हणाली, तिचं तिलाच कळलं नाही. रिकाम्या हातांनी तिथं उभं राहणं तिला जड जात होतं, एवढं खरं.

त्या दिवसापासून तिनं तीन आठवडे कारखान्याचं काम संपल्यावर थांबून चार बर्थच्या गाद्या आणि बाकांच्या पाठी शिवल्या. कोपऱ्याला गोलाई होती, ती पुठ्ठ्यावर उतरवून घेतली. कव्हर काढून धुता यावं म्हणून लांब चेन मागच्या बाजूला घेतल्या. कापड निवडायला भावजय एका दुपारी कारखान्यात आली. तिनं दोन ठाण चाळल्यासारखं केलं आणि हात काढून घेतला.

"ताई, तुम्हाला गाडी लागत नाही."

आत्या खडूनं रेघ मारत होती. तिनं रेघ पूर्ण केली.

"मोठीच्या वेळी मला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं," भावजय म्हणाली. "चार तास माझं डोकं मांडीवर घेऊन बसला होतात. घाटातून. तेव्हा नाही लागली ती?"

"तेव्हा वय होतं. आता लागते."

"मी बोलते त्यांच्याशी."

"नको," आत्या म्हणाली. मग आवाज खाली आणून पुन्हा म्हणाली, "नको गं. तू बोललीस तर तो कबूल करेल. आणि मग मला घेऊन जावं लागेल म्हणून घेऊन जाईल. तसं जाण्यात काय आहे?"

भावजय पुन्हा ठाणांकडे वळली. शेवटी तिनं राखाडी कापडावर बोट ठेवलं. "हे मळणार नाही ना?" तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता रुमालानं नाक पुसलं.

गाडी आली तेव्हा घरासमोरची अर्धी गल्ली तिनं अडवली. गाद्या बसवायला भाऊ आणि आत्या दोघंच आत होती. जागा एवढीशी की एकानं वळलं तर दुसऱ्यानं थांबायचं. शेवटची गादी घट्ट बसत होती. आत्या गुडघ्यानं दाबत होती, भाऊ कड ओढत होता. गादी बसली तसा तो तिच्यावरच टेकला.

"ताई, त्या दिवशी मी जे बोललो ते..."

"राहू दे."

"नाही, ऐक. छतासाठी नव्हतं ते. बॅटरी, सायकली, काही म्हणजे काही नको होतं मला." त्यानं हात मांडीवर घासले. "तू असलीस की मी काहीच करत नाही. शेगडी पेटली नाही तर तुझ्याकडे बघतो. पोरगी पडली तर ती तुझ्याकडे पळते. मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे ताई, आणि माझ्याच घरात मी धाकट्या आहे. मला एकदा, पंधरा दिवस, ह्यांचा बाप व्हायचंय. रस्ता चुकला तर माझा चुकू दे."

आत्या उभीच होती. डोकं छताला लागू नये म्हणून थोडी वाकून. ह्यात त्याचं चुकलं काय, हे ती शोधत राहिली आणि तिला ते सापडेना. कृतघ्न म्हणावं तर तो तसा नव्हता. तिच्या गुडघ्याला लावायचं मलम दर महिन्याला तोच आणून ठेवायचा. तिला एवढंच कळलं की ज्याला आपण आधार म्हणत होतो, ते त्याला ओझं झालं होतं, आणि हे तिला विक्रेत्याच्या टॅबवर समजलं.

"मग आधी सांगायचंस ना," ती म्हणाली. "खोटं कशाला बोललास?"

"तुला सांगायची हिंमत असती तर मी धाकट्या कशाला राहिलो असतो?"

दोघंही हसली. हसू लवकर संपलं.

ते निघाले त्या सकाळी आत्यानं मुलींच्या पिशव्या वर चढवून दिल्या. धाकटीनं गळ्यात पडून "आत्या, तू गोळी घेऊन ये ना" म्हटलं. शाळेतल्या कुणा मैत्रिणीनं तिला गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळीबद्दल सांगितलं होतं. आत्या म्हणाली, "माझ्यासारखीला गोळी पुरत नाही, बाळा." गाडी गल्लीच्या वळणावर अडखळली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. हात वर करून 'डावीकडे, डावीकडे घे' असं ओरडायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं हात पदराखाली घट्ट धरून ठेवले. तिसऱ्या खेपेला वळण जमलं.

पंधरा दिवस घर तिचं एकटीचं होतं. तिनं एकटीपुरतं शिजवलं, आणि रोज जास्तच झालं. ते परतले तेव्हा उन्हानं रापलेले, खूश, आपापसांतल्या विनोदांवर हसणारे. रस्ता दोनदा चुकला होता म्हणे. भाऊ ते फार रंगवून सांगत होता. आत्या ऐकत होती. विनोद अर्धे तिला कळत नव्हते. धाकटी मध्येच पडली तेव्हा 'बाबा' म्हणून रडली. आत्या उठायला गेली आणि बसली.

त्यानंतर दोन महिन्यांनी तिनं कारखान्यामागची एक खोली घेतली. "गुडघे दुखतात, रोजचं चालणं होत नाही," असं तिनं सांगितलं. ह्या वेळी भावजयीनं तिला खोटं पाडलं नाही. सोफा भावानंच खांद्यावर घेऊन आणला, जिन्यात दोन ठिकाणी खरचटला. खोली उत्तरेची, अंधारी, मोरी बाहेर. सुरुवातीला ते दर रविवारी यायचे. पुढे मोठीचा अभ्यास वाढला, धाकटीला मैत्रिणी झाल्या आणि रविवार महिन्यातून एकदा यायला लागला. कुणाचं भांडण नव्हतं. कुणी विचारलं असतं तर आत्या म्हणाली असती, सगळं छान आहे. पण तसं कुणी विचारत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी ते पुन्हा गेले. एका दुपारी कारखान्यातल्या फोनवर भावाचा आवाज आला. मागं वारा घोंघावत होता.

"ताई, छत फाटलं. वाऱ्यानं. हातभर फाटलंय, पट्टीच्या शिवणीशी. मोठी सुई आहे, दोरा आहे. कसं करू?"

"दोरा दुहेरी घे. मेणबत्ती असेल तर घासून घे त्यावरून. फाटलेल्या टोकाच्या दोन बोटं आधीपासून सुरू कर. टाका पुढे टाकायचा, अर्धा मागे यायचं, पुन्हा पुढे. ओढू नकोस फार, कापड चुण्या घेतं."

"थांब." फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज. मग मुलींचं बोलणं, भावजयीचं "धर नीट, धर", कुणाचं तरी हसू. आत्या फोन कानाला लावून उभी राहिली. मालक समोरून गेला, त्यानं भुवया उंचावल्या, तिनं हातानं 'एक मिनिट' केलं. बरीच मिनिटं गेली.

"जमलं!" भाऊ फोनवर आला. "ताई, जमलं बघ. एकदम सरळ आलंय. तू असतीस तर..." आणि तो थांबला.

"जमणारच," आत्या म्हणाली. "पाऊस आला तर आतून पण एक टाका घे."

"हो. ठेवतो मग. पोरी चहासाठी थांबल्यात."

"ठेव."

तिनं फोन जागेवर ठेवला. टेबलावर एका प्रतीक्षालयातले सहा बाक पडले होते, तिसऱ्याची पाठ अर्धी सोलून. ती खुर्चीवर बसली, चष्मा पुसला, आणि उरलेले खिळे एकेक करून उपटायला लागली.